कॅमेरा 'हलतो' की 'हिंदकळतो'? नेमका शब्द हवाय

परवा रात्री जेवणं झाल्यावर अंतराळातली एक नवी सिरीज लावली, मोठा टीव्ही आला तेव्हापासून घरात सगळे एकत्रच बघतो, तर दहाव्या मिनिटाला मोठी माय म्हणाली, "हाऊ कॅमेरावाला काबर इतला हाली ऱ्हायना? मन्हं डोकं गरगरी ऱ्हायनं," आणि उठून ओट्यावर जाऊन बसली. यानातले दोघं टेबलाशी बसून नुसते बोलत होते, यान कुठं आदळत नव्हतं की काही नाही, तरी चित्र एक क्षण ठरेना. हे कुणाला सांगायला गेलो तर शब्दच सापडत नाही. "कॅमेरा हलतो" म्हणावं तर केळीचं पानही हलतं, त्यातून काय कळणार?

थरथरणे फार बारीक होतं, ते म्हाताऱ्या हाताचं. डुगडुगणे म्हणजे एक पाय आखूड असलेलं स्टूल. हादरे एसटीत बसतात पण ते खड्डा असतो म्हणून बसतात, त्याला कारण असतं. माझं मन हिंदकळणे या शब्दावर बसलंय. बाई भरलेली कळशी डोक्यावर घेऊन सरळ चालते, कळशीही सरळच असते, आतलं पाणी तेवढं काठापर्यंत जातं आणि परत येतं. इथंही खोली स्थिर, माणसं स्थिर, आणि चित्र तेवढं काठाला जाऊन येतंय. तुम्ही काय म्हणता?

अमळनेरहून:
शब्द आवडला पण पाणी आपोआप हिंदकळतं, हे तर मुद्दाम करतात, म्हणून हिंदकळवणे म्हणा. २००२ ची फायरफ्लाय आणि २००३ पासूनची बॅटलस्टार गॅलेक्टिका या अंतराळातल्याच सिरीज आठवा, बाहेरची यानं कॉम्प्युटरवर बनवलेली, तिथं कॅमेरा नव्हताच मुळी, तरी कुणीतरी हातात कॅमेरा धरून यान शोधतोय, आधी हुकतं, मग झपकन झूम, फोकस उशिरा लागतो, असं सगळं बनवून घातलं. लढाईच्या बातमीसारखं खरं वाटावं म्हणून, आणि तिथं ते वाटतंही, मला फार आवडायचं. पुढच्या बऱ्याच जणांनी तेच चहापाण्याच्या गप्पांनाही लावलं, राग त्याचा येतो.

धुळ्याहून:
मी डचमळणे सुचवतो. पाणी ढसाढसा पिऊन पळालं की पोटात डचमळतं ना, तसं. डोळे सांगतात आपण हलतोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की बसलोय, दोघांचं जमत नाही म्हणून मळमळतं, गाडी लागते त्याच्यासारखंच. मोठा पडदा आणि जवळ बसणं, मग तर जास्तच. तेव्हा कॅमेरा हिंदकळवला जातो आणि बघणारा डचमळतो, दोन्ही शब्द राहू द्या.

चाळीसगावहून:
अजून दोन गोष्टींना नाव द्या. चौकट एका बाजूला झुकवतात त्याला डच अँगल म्हणतात, त्यातला डच हा डॉइच म्हणजे जर्मनवरून आलाय असं सांगतात, १९२० च्या दशकातल्या जर्मन सिनेमांशी त्याचं नातं जोडतात. आपल्याकडे भिंत कलते, तर कलती चौकट म्हणू. दुसरी लेन्स फ्लेअर, म्हणजे लेन्सवर थेट उजेड पडून चित्रात उमटतो तो चमकता पट्टा. स्टार ट्रेकच्या २००९ च्या सिनेमात तर चौकटीबाहेरून लेन्सवर टॉर्च मारून ते काढले होते. त्याला तिरीप म्हणावं का? कौलाच्या फटीतून उन्हाची येते ती. फटीतली तिरीप धूळ दाखवते, ही मात्र बोलणाऱ्याचा चेहराच झाकते, तरी शब्द सोडवत नाही. आमच्या गावात केकी मूस (१९१२-१९८९) आयुष्यातली कितीतरी वर्षं घराबाहेर न पडता टेबलावर वस्तू मांडून फोटो काढत बसले, उजेड कुठून यावा हे ठरवून. ते फोटो बघितलेल्या माणसाला फुकटचा उजेड लगेच टोचतो.

पहिल्यापासून लिहिणारा:
हिंदकळवणे, डचमळणे, कलती चौकट, चारही घेतो, तिरीपसुद्धा. मोठी मायला कळशीचं सांगितलं तर म्हणाली, पाणी हिंदकळू नये म्हणून आम्ही कडुनिंबाचा पाला टाकायचो वरून. आता एकच अडलंय, एका सीनमध्ये पाच-सहा तिरीप असतात तर अनेकवचन तिरपा करायचं की तिरिपी? तुमच्याकडे काय बोलतात?