कॅमकॉर्डरच्या कॅसेटवरून डीव्हीडी करताना चित्र खराब होते

महालकर: नमस्कार. माझ्याकडे २००४ ते २००८ या काळातील मिनी डीव्ही कॅसेट आहेत. त्यांत तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन निघालेली आमच्या घरची मुले आहेत, नागपूरच्या इतवारीतील मारबतीची (वाईट प्रवृत्तींच्या पुतळ्यांची) मिरवणूक आहे आणि आता हयात नसलेल्या आजीचा आवाजही आहे. कॅमेरा थेट टीव्हीला जोडला की चित्र स्वच्छ दिसते. पण एका दुकानातून करून घेतलेल्या डीव्हीडीत मिरवणूक हलू लागताच चित्र थरथरते आणि संध्याकाळच्या दृश्यांत चौकोनी ठोकळे दिसतात. तीन तासांचे चित्रण एकाच डिस्कवर बसवले आहे. हे काम घरी नीट करता येईल का?

धरमपेठकर: नक्की करता येईल. पहिला दोष तीन तासांचा आहे. ४.७ गिगाबाइटच्या डिस्कवर तीन तास बसवले, तर चित्र आणि ध्वनी मिळून सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट वाट्याला येतात. हातात धरलेला कॅमेरा, गर्दी, उडणारा गुलाल आणि कमी प्रकाशातील दाणेदार चित्र यांना याहून बरेच अधिक लागतात, कारण प्रत्येक दाणा एन्कोडरला (चित्र दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरला) हालचालच वाटतो. एका डिस्कवर साठ ते सत्तर मिनिटेच ठेवा आणि चित्राचा बिटरेट (सेकंदाला खर्च होणारी माहिती) सरासरी सात, कमाल आठ मेगाबिट ठेवा. डीव्हीडीच्या नियमांत चित्राला ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा आहे, परंतु घरी लिहिलेली डिस्क त्या टोकाला नेली की जुने प्लेअर अडखळतात. ध्वनी डॉल्बी डिजिटलमध्ये २५६ किलोबिट पुरतो. असंकुचित ध्वनी दीड मेगाबिट खातो आणि तो वाटा चित्राच्या कामी यायला हवा.

सक्करदरा: थरथरण्याचे कारण मात्र वेगळे असावे. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्ही चित्रणात सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन फील्डांची, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची बनते. त्यांत खालचे फील्ड आधी येते. एन्कोडरमध्ये ‘वरचे आधी’ असा पर्याय निवडला गेला, तर हालचाल पुढे-मागे उडते. हा पर्याय तपासा आणि आकारमान ७२० बाय ५७६ हेच ठेवा. जुन्या टीव्हीवर पाहायचे असो वा नव्या, डीव्हीडीसाठी फील्ड काढून टाकू नका, कारण त्यामुळे हालचालीचा निम्मा तपशील कायमचा जातो.

महालकर: मनापासून आभार. कॅसेट संगणकात घेण्यासाठी यूएसबी वायर चालेल का?

धरमपेठकर: फायरवायर (डीव्ही कॅमेरा संगणकाला जोडणारी वेगळी केबल) वापरा. अनेक मिनी डीव्ही कॅमेऱ्यांत यूएसबी केवळ छायाचित्रांसाठी किंवा लहान आकाराच्या चित्रासाठी असते, तर फायरवायरने कॅसेटवरची माहिती जशीच्या तशी उतरते. ताशी सुमारे १३ गिगाबाइट जागा लागेल आणि संगणकाची हार्ड डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, कारण फॅट३२ या जुन्या पद्धतीत ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही. आजींचा आवाज असलेली कॅसेट सर्वांत आधी घ्या आणि डीव्हीडी झाल्यावरही ती मूळ फाइल पुसू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कॅसेट गच्चीखालच्या माळ्यावर असतील, तर त्या आजच खाली आणा.