'माणूस' म्हणजे नेमकं कोण?

चकवाचांदणं
फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमच्या 'आत्महत्या' (१८९७) या पुस्तकातले काही उतारे मराठीत करतेय आणि एका शब्दापाशी गाडं अडलंय. पानोपानी 'माणूस' येतो. माणसाच्या इच्छांना अंत नसतो, समाजाने लगाम घातला तरच माणूस ताळ्यावर राहतो, वगैरे. मी बिनदिक्कत 'माणूस' लिहीत सुटले. पुढे लग्न आणि घटस्फोटाचा भाग आला. तिथे हा गृहस्थ म्हणतो की पुरुष जवळजवळ सगळाच्या सगळा समाजाने घडवलेला असतो, बाई मात्र बरीचशी निसर्गाने ठेवली तशीच राहिलेली असते. मग इतका वेळ मी ज्याला माणूस म्हणत होते त्यात बाई होती की नव्हती? फ्रेंच 'ऑम' म्हणजे माणूसही आणि पुरुषही, त्यामुळे त्याचं निभावलं. मला दर वाक्याला निवड करावी लागते. संपादकांनी सरसकट 'व्यक्ती' करून पाठवलंय, ते मला पटत नाही. तुम्ही काय केलं असतं?

ओळंबा
'व्यक्ती' उत्तम. व्याकरणाने स्त्रीलिंगी, अर्थाने दोघांनाही चालतो. प्रश्न मिटला.

टाचणी
मिटला नाही, झाकला गेला. 'व्यक्ती' केलंत की दुर्खीम एकदम सरकारी परिपत्रकासारखा सभ्य बोलायला लागतो. स्त्रीवादी अभ्यासकांनी बोट ठेवलंय ते नेमकं या सांध्यावर. त्याचेच तक्ते बघा ना. घटस्फोट जिथे सहज मिळतो तिथे नवऱ्यांच्या आत्महत्या वाढतात, बायकांच्या तशा वाढत नाहीत. म्हणजे लग्न नावाची एकच गोष्ट दोघांना दोन तऱ्हांनी लागते, हे त्याच्या हाताशी आलं होतं. त्याने कारण काय काढलं? बाईच्या ओढी शरीराच्या, तिला सहजप्रेरणा पुरते, समाजाच्या लगामाची तिला फारशी गरज नाही! आकडे समाजाचे मांडायचे आणि उत्तर निसर्गातून आणायचं. आणि सामाजिक गोष्टीचं कारण समाजातच शोधा, असा हट्ट धरणारा हाच.

मोडीमास्तर
अनुवादाचं अनुवादकार बघतील. मराठी 'माणूस' मात्र ओळंबा समजतात तितका साधा नाही. एकवचनात 'तो माणूस', अनेकवचनात 'ती माणसं', म्हणजे पुल्लिंगी शब्द संख्या वाढली की नपुंसकलिंगी होतो. शिवाय 'बाईमाणूस' आहे, 'पुरुषमाणूस' आहे. शब्द मुळात सगळ्यांना पोटात घेणारा आहे.

सुईदोरा
मास्तर, "तिचा माणूस काय करतो?" यातला माणूस कोण? नवरा. आणि "तो त्यांचा माणूस आहे" यातला? हस्तक. बायको यातल्या कुठल्याच अर्थाने कुणाचा 'माणूस' होत नाही.
तरी एक सांगते. माझी आजी जावेबद्दल बोलताना "ते माणूस फार गुणाचं" म्हणायची. एकवचनी, नपुंसकलिंगी, आणि बाईसाठी. पुढे शाळेत बाईंनी ते वाक्य चुकीचं म्हणून खोडलं.

ओळंबा
खोडलं ते योग्यच केलं. बोलीतली ढिलाई लेखनात नको. व्युत्पत्ती बघा म्हणजे वाद उरणार नाही. निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात, यास्क म्हणतो, 'मत्वा कर्माणि सीव्यन्ति'. विचार करून कर्मं शिवतात ते मनुष्य. यात स्त्री-पुरुष आलेच कुठे?

टाचणी
शिवणकाम म्हटलंत, म्हणजे बायकाच असणार.

मोडीमास्तर
यास्क तिथेच 'मनोरपत्यम्' हाही पर्याय देतो, तेवढा तुम्ही सोयीस्कर गाळलात. मनूची अपत्यं. म्हणजे वंश बापाच्या नावाने सुरू.

चकवाचांदणं
मनू नंतर. मला शुक्रवारपर्यंत उतारे द्यायचेत. 'माणूस' ठेवू की 'पुरुष' करू?

पायरीवरचा
शब्द वेगळे असले म्हणून फार काही सुटतं असं नाही, ताई. जर्मनमध्ये 'मेन्श' म्हणजे माणूस आणि 'मान' म्हणजे पुरुष, सोय आहे. तरी तिकडेही तेच. जर्मन समाजशास्त्रज्ञ झिमेलने तर रोगाचं निदानही अचूक केलं होतं. पुरुषाने स्वतःची फूटपट्टी 'मानवी' आणि 'वस्तुनिष्ठ' म्हणून चालवली, हे तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगत होता. एवढं कळलेला माणूस (घ्या, आला) पुढे काय करतो, तर बाईचं सत्त्वच निराळं, ती आपल्यातच पूर्ण, बाहेरची संस्कृती घडवणं हा तिचा पिंड नव्हे, असं ठरवून मोकळा होतो. १९१३ मध्ये मारियाने वेबरने त्याला उत्तर दिलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं की स्त्री-पुरुषांत सामाईक असं पुष्कळ आहे आणि बाईला बाहेरच्या जगातही काम करायचंय. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरची बायको म्हणून ती सगळ्यांना ठाऊक असते. कायद्याच्या इतिहासात पत्नी आणि आई यांचं स्थान काय, यावर तिने १९०७ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला होता, तो किती अभ्यासक्रमांत असतो?
माझं मत विचाराल तर 'माणूस' तसाच ठेवा आणि त्या एका वाक्यात 'पुरुष' लिहा. वाचकाला ठेच लागू दे. लागायलाच हवी.

ओळंबा
'बायको' काय लिहिता? विदुषीबद्दल बोलताय, 'पत्नी' लिहा.

टाचणी
आमच्या जुन्या शेजाऱ्यांच्या तोंडी दोन्ही नसायचं. "आमचं कुटुंब आजारी आहे" म्हणायचे. एक बाई म्हणजे अख्खं कुटुंब, आणि वर नपुंसकलिंगी.

पायरीवरचा
हे भारी आहे, कारण मार्क्सचा साथीदार एंगल्स याच्या बरोबर उलट्या टोकाला जातो. कुटुंबावरच्या १८८४ च्या पुस्तकात तो सांगतो की लॅटिन 'फॅमुलस' म्हणजे घरगडी गुलाम आणि 'फॅमिलिया' म्हणजे एका माणसाच्या मालकीचे सगळे गुलाम.

सुईदोरा
'एका माणसाच्या'? पुरुषाच्या.

पायरीवरचा
पुरुषाच्या. मान्य.

ओळंबा
'कुटुंब' म्हणण्यात अवहेलना नव्हती. नाव घ्यायचं नाही म्हणून आदराने वापरलेला शब्द तो. जुन्या शब्दांत शोधून शोधून अन्याय काढायची फॅशन झालीय. मग ते 'लिंगभाव' वगैरे कारखान्यात पाडलेले शब्द येतात.

टाचणी
'लिंगभाव' मलाही रुचत नाही, सरळ 'जेंडर' लिहावं. पण तुमच्या कारणासाठी नव्हे. 'फॅशन' शुद्ध मराठी वाटतं?

सुईदोरा
आदर असेल तर दोन्हीकडून हवा. बाईने नवऱ्याला 'आमचं कुटुंब' म्हटलेलं कुणी ऐकलंय? तिच्या तोंडी 'हे', नाहीतर 'आमचे मालक'. एंगल्सला एवढं लॅटिन उकरायची गरजच पडली नसती.

ओळंबा
'मालक' अरबीतून आलेला आहे. आपला शब्द 'धनी'.

मोडीमास्तर
'धनी' संस्कृतातून आलेला. आणि त्याला निदान 'घरधनीण' असा जोड तरी होता.

ओळंबा
'मालकीण' नव्हता का?