शब्दचर्चा: 'गनेवत दाअत'ला मराठीत काय म्हणायचं?

मी लहान मुलांसाठी ज्यू परंपरेतल्या काही गोष्टी मराठीत आणतेय, विषय प्रामाणिकपणा. बाकी सगळं जमतंय पण एका शब्दापाशी गाडी अडलीय. हिब्रूत 'गनेवत दाअत' असा शब्दप्रयोग आहे. गनेवा म्हणजे चोरी. दाअत म्हणजे जाणीव, समज, मन, मत, यातलं सगळंच थोडं थोडं. तालमूद म्हणजे ज्यू पंडितांच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, त्यात शमुएल नावाच्या तिसऱ्या शतकातल्या पंडिताचं मत दिलंय की कुणाचीही 'दाअत' चोरायची नाही, समोरचा परधर्मी असला तरी नाही. आणि तोसेफ्ता नावाच्या जुन्या संग्रहात चोरांचे सात प्रकार सांगितलेत त्यात पहिला नंबर घरफोड्याचा नाही, लोकांचं मन चोरणाऱ्याचा आहे.

गंमत अशी की यात खोटं बोलावंच लागतं असं नाही. उदाहरण बघा: पाहुणा जेवणार नाही हे पक्कं माहीत असताना त्याला 'जेवूनच जा' म्हणून पुन्हापुन्हा आग्रह करायचा नाही. किंवा द्राक्षारसाचं पिंप तसंही आज उघडायचंच होतं, तर 'खास तुमच्यासाठी उघडलं' असा समज पाहुण्याला होऊ द्यायचा नाही. एकही वाक्य खोटं नसेल, पण समोरच्याच्या मनात नसलेलं ऋण तयार झालं, त्याने मानलेले आभार तुम्ही फुकट मिळवले, म्हणून ती चोरी.

'फसवणूक' लिहून पाहिलं, पण फसवणूक म्हटलं की चिटफंड आठवतो. 'मनाची चोरी' लिहिलं तर प्रेमकथा होते. 'दिशाभूल' पेपरातला शब्द झालाय, आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी कसा येणार? सुचवा प्लीज.

—

प्रतिसाद

'भूलथाप' चालेल का? पण थाप म्हटली की बोलणं आलंच, आणि तुम्ही म्हणताय की न बोलताही होतं. त्या आग्रहाच्या उदाहरणाला मराठीत अगदी चपखल शब्द आहे, 'तोंडदेखलं'. तोंडदेखला आग्रह, तोंडदेखलं कौतुक. मुलांनाही कळतो. फक्त पिंपाच्या उदाहरणाला तो पुरणार नाही, तिथे 'भासवणं' जवळचं वाटतं. भासवणं या क्रियापदात खोटं बोलणं आणि खोटं वागणं दोन्ही बसतं.

—

प्रतिसाद

> जेवणार नाही हे पक्कं माहीत असताना आग्रह करायचा नाही

हे मला पटत नाही, स्पष्टच सांगतो. आपल्याकडे आग्रह म्हणजे माहिती देणं नाही हो, मान देणं आहे. दारात उभा राहिलेला माणूस 'नाही नाही निघतो' म्हणणार हे दोघांनाही ठाऊक असतं, कुणी फसत नाही. मुलांना हे सगळं खोटेपणा म्हणून शिकवलं तर उद्या ती मावशीला तोंडावर सांगतील की भाजी खारट झालीय.

—

धागाकर्ती

> कुणी फसत नाही

दादा तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि त्या परंपरेतही तो मानलेला आहे. समोरच्याला खरोखर गैरसमज होत असेल तरच चोरी. मान देण्यासाठी केलेलं बोलावणं, ज्याचा अर्थ दोघांनाही ठाऊक आहे, ते त्यात येत नाही असं पुढच्या बऱ्याच भाष्यकारांनी म्हटलंय. मावशीच्या भाजीचं म्हणाल तर त्यावर तर दोन घराण्यांचा वाद आहे, हिल्लेल आणि शम्मई. लग्नात नवरीसमोर नाचताना काय म्हणायचं? शम्मईचे लोक म्हणतात जशी असेल तशी सांगा. हिल्लेलचे म्हणतात कुठलीही नवरी असो, 'सुंदर आणि गुणी' म्हणा. शम्मईवाले लगेच विचारतात, अहो पण तोरामधे, म्हणजे मूळ धर्मग्रंथात, 'खोट्या गोष्टीपासून दूर राहा' असं लिहिलंय ना? त्यावर हिल्लेलचे विचारतात की कुणी बाजारातून वाईट वस्तू घेऊन आलाच, तर त्याच्यासमोर तिला चांगलं म्हणाल की नावं ठेवाल? रूढ झालं ते हिल्लेलचं. म्हणजे दुसऱ्याचं मन राखायला जागा ठेवलेली आहे. जागा नाही ती स्वतःचा फायदा उपटायला.

आणि मुळात मला मुलांच्या खोटेपणापेक्षा आपल्याबद्दल जास्त बोलायचंय. तालमूदमधे रब्बी (म्हणजे धर्मगुरू) झेरा यांचं एक वाक्य आहे, मला ते या सगळ्या विषयाचं मूळ वाटतं. मुलाला 'मी तुला अमुक देईन' असं म्हणून मग ते न देणं करू नये, कारण त्यातून त्याला खोटं शिकवलं जातं. आधार म्हणून यिर्मया संदेष्ट्याचे शब्द दिलेत, 'त्यांनी आपल्या जिभेला खोटं बोलायला शिकवलं आहे'. म्हणजे नियम मुलावर घातलेला नाही, मोठ्यांवर घातलाय! आपल्याकडे दिवसभरात किती वेळा आपण म्हणतो, रडू नको येताना चॉकलेट आणते, डॉक्टरकाका सुई देणारच नाहीत, दुकान बंद झालं बघ, बाबा घरात नाहीत असं सांग त्यांना, आणि मग तेच मूल शाळेत पेन्सिल लपवून 'मी नाही घेतली' म्हणालं की आपण हादरतो.

—

प्रतिसाद

थोडं शब्दांच्या मुळाकडे जातो कारण इथे मराठीचा आणि हिब्रूचा खराखुरा धागा जुळतो आणि त्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

हिब्रूत सत्याला 'एमेत' म्हणतात, विश्वासाला, भरवशाला 'एमुना'. दोन्ही आलेफ-मेम-नुन या एकाच धातूतून, मूळ अर्थ पक्कं, टिकणारं, भार टाकता येईल असं. 'आमेन' त्यातलंच. आता हाच सेमिटिक धातू अरबीत आहे, आणि अरबी-फारसीमार्गे तो आपल्या घरात शिरला: इमान, इमानदार, बेइमान, इमानेइतबारे. आपण जे 'अनामत' म्हणतो, अनामत रक्कम, ते मूळ 'अमानत', तेही त्याच कुळातलं. तालमूदमधे रावा नावाचे पंडित म्हणतात की मेल्यावर माणसाला न्यायासनापुढे उभं केलं की पहिला प्रश्न असतो, 'नासाता वे-नाताता बे-एमुना?' शब्दशः 'एमुनाने घेतलंस-दिलंस का?' याचं मराठी करायला डोकं खाजवावंच लागत नाही, 'देवाणघेवाण इमानाने केलीस का?' झालं. एमुना आणि इमान चुलत भावंडं आहेत.

म्हणून माझं मत, मुलांच्या पुस्तकात 'प्रामाणिकपणा' ऐवजी जमेल तिथे 'इमान' वापरा. प्रामाणिक हा प्रमाणावरून आलाय, पुरावा मागणारा शब्द आहे, चांगलाच आहे पण थंड आहे. इमानात दुसरा माणूस आहे. इमान कुणाशी तरी राखायचं असतं.

अजून एक. एमेतची तीन अक्षरं, आलेफ मेम ताव. वर्णमालेतलं पहिलं आलेफ, शेवटचं ताव, आणि शेवटी येताना बदलणारी रूपं धरून २७ मोजली तर मेम बरोब्बर मधलं, १४वं. उलट खोट्याला 'शेकेर', त्यातली शिन, कोफ, रेश ही अक्षरं वर्णमालेत एकमेकांना चिकटून बसलेली. खोटं हाताशीच असतं, खरं गोळा करायला या टोकापासून त्या टोकापर्यंत जावं लागतं. शिवाय शेकेरची अक्षरं एका पायावर उभी असल्यासारखी, एमेतचा पाया रुंद. आणि हे कुणी सांगितलं म्हणून तालमूदमधे दिलंय माहितीये? अभ्यासगृहात आलेल्या लहान मुलांनी! पंडित लोक थक्क होऊन रब्बी येहोशुआ बेन लेवी यांना सांगतायत की आज मुलं येऊन असं असं बोलून गेली. तुमच्या पुस्तकात हे घ्याच, मुलांना अक्षरांचे खेळ फार आवडतात.

—

प्रतिसाद

अलिबागकडची आहे मी, इस्राएल आळीतून कितीदा गेलेय, तिथलं मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, बाहेरून आणि आतून दोन्ही पाहिलंय. या विषयात बेने इस्राएल लोकांना, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंना, विसरू नका, त्यांची घरची भाषा मराठीच. रायगडातल्या गावोगावी तेलाचे घाणे चालवायचे आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद ठेवायचे म्हणून 'शनवारतेली'. किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावं गावांवरून.

मुद्दा असा की मुलांसाठीचं ज्यू वाङ्मय मराठीत नवीन नाहीये. वल्हांडण म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण, त्या रात्री घरात वाचायची हगादा मुंबईत १८४६ साली मराठी भाषांतरासह छापली गेली, पुण्यात १८७४ साली चित्रांसकट, त्यातल्या बायका साडी नेसलेल्या. आणि ती सगळी रात्रच मुलांच्या प्रश्नांवर उभी असते. सगळ्यात लहान मूल विचारतं की आजची रात्र बाकीच्या रात्रींपेक्षा वेगळी का, आणि मोठ्यांना उत्तर द्यावंच लागतं. ते उत्तर कसं द्यायचं त्याचाही मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात नियम आहे, लाजेच्या गोष्टीने सुरुवात करायची आणि स्तुतीने संपवायचं. 'आम्ही मिसरमध्ये फारोचे गुलाम होतो' इथून सुरुवात. आमचे पूर्वज थोर राजे होते इथून नाही. मुलासमोर आपल्या घराण्याचा इतिहास लाजेपासून सांगायला बसणं, मला वाटतं प्रामाणिकपणा शिकवायची याहून सरळ पद्धत नसेल.

—

धागाकर्ती

किती छान दिलंत ताई, हे मला माहीत असूनही प्रामाणिकपणाशी जोडायचं सुचलं नव्हतं. नक्की घेणार. इमानही घेणार.

एक घरगुती गोष्ट पण देते, मुलांना ती सर्वात आवडेल असं वाटतं. राव नावाचे मोठे गुरू होते. बायकोचं आणि त्यांचं पटेना, त्यांनी मसूर करायला सांगितला की ती हरभरे करायची, हरभरे सांगितले की मसूर. मुलगा हिय्या मोठा झाल्यावर त्याने वडलांचा निरोप आईला उलटा द्यायला सुरुवात केली. मसूर हवाय? आईला सांगायचा हरभरे. वडलांना हवं ते मिळू लागलं! ते म्हणाले तुझी आई सुधारली रे. मुलगा म्हणाला मीच निरोप फिरवतो. वडील आधी त्याच्या हुशारीला दाद देतात, म्हण सांगतात की आपलंच लेकरू आपल्याला अक्कल शिकवतं, आणि मग म्हणतात पण तू हे करू नकोस, आणि तेच यिर्मयाचं वाक्य, जिभेला खोटं शिकवल्याचं. घरात शांतता आली होती, पोटभर हवं ते जेवण मिळत होतं, हेतूही चांगला, तरी बापाने थांबवलं. कारण जेवण एका दिवसाचं, जिभेची सवय जन्माची. ओरडले नाहीत, शिक्षाही नाही, हेही महत्त्वाचं वाटतं मला.

आणि राव साफ्रा. ते घरी 'शेमा' प्रार्थना म्हणत होते, मधेच गिऱ्हाईक आलं, वस्तूची किंमत सांगितली. प्रार्थना चालू म्हणून हे गप्प. गिऱ्हाइकाला वाटलं पैसे कमी पडले, त्याने भाव वाढवला. प्रार्थना संपल्यावर राव साफ्रा म्हणाले पहिल्या किमतीलाच घेऊन जा, मनात मी तेव्हाच हो म्हटलं होतं. स्तोत्रसंहितेत 'जो मनातल्या मनात सत्य बोलतो' असं म्हटलंय त्याचं उदाहरण म्हणून हे नाव घेतात. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांनी बाकी हिब्रू विसरूनही जी प्रार्थना शेकडो वर्षं जपली ती हीच, 'शेमा'.

शब्दाचं म्हणाल तर 'समजुतीची चोरी' असं सुचतंय. मुलाची समजूत घालणं आपण रोज म्हणतो, तोच शब्द.

—

प्रतिसाद

'समजुतीची चोरी' आवडलं. मुलाला 'तू माझी समजूत चोरलीस' असं म्हणता येईल? थोडं अवघड, पण 'तू मला खोटं समजू दिलंस' म्हणता येतं, आणि तेवढं पुरे आहे. तोंडदेखलं, भासवणं हेही राहू देत पुस्तकात, एकाच शब्दावर सगळा भार नको.

—

प्रतिसाद

उच्चाराबद्दल: पहिल्या अक्षरावर पूर्ण स्वर नाही, त्यामुळे 'गेनेवात' लिहू नका, 'ग्नेवत' किंवा 'गनेवत' ठीक. आणि दाअतमधला जोर 'दा'वर.