हात धुताना घड्याळात पाणी गेलं, मग समुद्राच्या तळाशी घड्याळं टिकतात कशी?

घड्याळवेडा
माझ्या डाइव्ह वॉचवर (पाण्यात बुडी मारताना घालायचं घड्याळ) ३०० मीटर लिहिलंय आणि काल नुसते हात धुतले तर काचेला आतून घाम आल्यासारखं धुकं धरलं, सहाच्या आकड्याजवळ तर बारीक थेंबच दिसतोय. आणि म्हणे काही घड्याळं ११ किलोमीटर खोल जाऊन आलीत. त्यांच्यात असं काय असतं, नुसती जाड काच का?

काटेकोर
आधी सांग, चावी (बाजूची वेळ लावायची खुंटी) पूर्ण आवळलेली होती का? वेळ लावून ती सैल राहिली तर ३०० मीटर काय नि बेसिन काय, सारखंच. दुसरं म्हणजे गॅस्केट, सांध्यात पाणी अडवणारी रबराची कडी, ते रबर वर्षं गेली की कडक पडतं. खोल पाण्यात दाबच काचेला गॅस्केटवर घट्ट बसवतो, पण वरच्या वर पाण्यात तो आधार नसतो, म्हणून जुनं रबर तिथेच दगा देतं.

खोलपाणी
काचेचं विचारलंस म्हणून. दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो, म्हणजे चौरस सेंटीमीटरवर जवळपास १ किलो. ३९०० मीटरवर ३ सेंटीमीटर व्यासाची काच धरलीस तर तिच्यावर पावणेतीन टन बसले! तेवढ्याच खोलीसाठी रोलेक्सने २००८ च्या डीपसी घड्याळात साडेपाच मिलिमीटर जाड सफायर (कृत्रिम नीलम) काच आणि टायटॅनियमचं मागचं झाकण दिलं, पण मला खरं काम वाटतं ते आतल्या स्टीलच्या रिंगचं, काच आणि झाकण दोन्हीकडून येणारा भार तीच पेलते. १९६० मध्ये ट्रिएस्ट पाणबुडी मारियाना गर्तेच्या, म्हणजे समुद्रातल्या सगळ्यात खोल जागेच्या, तळाला टेकली तेव्हा रोलेक्सचंच एक घड्याळ बाहेरच्या बाजूला लावलेलं होतं, काच घुमटासारखी फुगीर, आणि वर आलं तेव्हा चालू होतं. घुमट का, तर भार कडांकडे वाटला जातो.

तेलकट
उलटा मार्गही आहे, सिन या जर्मन कंपनीने काही क्वार्ट्झ (बॅटरीवरच्या) घड्याळांत हवेऐवजी तेल भरलंय. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ नाही, मग बाहेरून दाब आला तरी आतून तेवढाच विरोध मिळतो आणि काच जाड लागत नाही. मेकॅनिकल घड्याळात हे जमत नाही, तेलात बॅलन्स व्हील, म्हणजे वेळ राखणारं झुलतं चाक, नीट झुलणारच नाही.

खोलपाणी
आणि हीलियम विसरू नका. जे डायव्हर कित्येक दिवस दाबाच्या खोलीत राहतात त्यांच्या हवेत हीलियम असतो, तो गॅस्केटमधून हळूहळू आत शिरतो आणि वर येताना बाहेरचा दाब उतरला की आतून काच उडवतो. काहींनी तो बाहेर सोडायला व्हॉल्व्ह दिला, सेइकोने १९७५ च्या ६०० मीटरवाल्यात मागून न उघडणारी अखंड केस आणि एल आकाराचं गॅस्केट वापरून हीलियमला आतच येऊ दिलं नाही. मला हाच उपाय जास्त आवडतो.

घड्याळवेडा
चावी उघडीच होती, आत्ता बघितलं 😞 आता उन्हात ठेवू का?

काटेकोर
नको, आजच उघडून घे, थेंब राहिला की काट्यांच्या चाकांना गंज चढतो. गॅस्केट बदलून प्रेशर टेस्टही करून घे.