मदत हवी आहे: रविवारी ओळीने शिकवायला बायबलमधलं कोणतं पुस्तक घ्यावं?

सर्वांना सलाम. आमची नागपुरातली जुनी मराठी मंडळी (चर्च). सुरुवातीला एक वचन वाचायचं आणि मग अनुभव, दाखले, सणाच्या सूचना, असा रविवारचा संदेश (प्रवचन) आता पुरे, असं पाळकसाहेब आणि कमिटी दोघांचंही मत आहे. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात, ८व्या अध्यायात, नियमशास्त्र वाचून अर्थ सांगत, लोकांना समजत होतं, तसं हवं.

रोमकरांस पत्रापासून सुरुवात केली. पहिले दोन अध्याय निभावले. तिसऱ्यात ‘नीतिमान ठरणे’, ‘प्रायश्चित्त’ आलं आणि मागच्या बाकांवर घड्याळं बघणं सुरू झालं. म्हाताऱ्यांना जुनंच भाषांतर हवं, तरुण मोबाइलवर हिंदी वाचतात. प्रश्नपत्रिका वाटल्या, बहुतेक बाकावरच राहिल्या.

संदेशाला २५ मिनिटं मिळतात, वाढणार नाहीत. आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) आणि उपवासकाळातली (ईस्टरआधीचे आठवडे) नेमलेली वाचनं सोडता येत नाहीत. घरोघरच्या प्रार्थनासभा बुधवारी होतात, तिथे उजळणी जमेल. वेगळा वर्ग सुचवू नका, शेतीवाले आणि शिफ्टवाले येत नाहीत.

आता फिलिप्पैकरांस पत्र (४ अध्याय, १०४ वचनं) घ्यावं की मार्कचं शुभवर्तमान? मार्क गोष्टीरूप आहे, पण १६ अध्याय मध्ये खंड पडत पडत किती काळ चालतील? ज्यांनी मराठी मंडळीत हे केलंय त्यांनी सांगा: एका रविवारी किती वचनं घेता, आणि सणांच्या खंडानंतर धागा कसा जोडता?