डी अँड डी पाचवी आवृत्ती: फ्लँकिंगचा नियम ठेवावा की काढावा?

खडू_फासा
दर रविवारी आम्ही पाच जण डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा खेळ खेळतो. डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रू सांभाळायचं काम, माझ्याकडे. २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमधला फ्लँकिंगचा ऐच्छिक नियम पहिल्यापासून लावलाय. चौकटींच्या नकाशावर शत्रूच्या समोरासमोरच्या घरांत आपले दोघे उभे राहिले, की दोघांनाही जवळच्या हल्ल्यावर ॲडव्हांटेज, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. आता प्रत्येक लढाई सारखीच होते, जो तो शत्रूच्या पाठीमागे धावतो. काल बार्बेरियन (रानटी योद्धा) खेळणारी मैत्रीण म्हणाली, "मग माझ्या रेकलेस अटॅकचा उपयोग काय?" तिचं खरंच आहे, त्यात शत्रूलाही तिच्यावर ॲडव्हांटेज देऊन जे मिळवायचं, तेच आता सगळ्यांना फुकट मिळतं. काय करू?

गडकरी_डीएम
पाठीमागे जाणं फुकट आहे, दुखणं तिथे आहे. या आवृत्तीत शत्रूच्या पल्ल्यात राहून वळसा घातला तर ऑपॉर्च्युनिटी अटॅक (निसटताना शत्रूचा बसणारा जादा वार) बसत नाही, पल्ल्याबाहेर पडलं तरच बसतो. जुन्या ३.५ आवृत्तीत पाच फुटांचं एक पाऊल सोडलं, तर पल्ल्यातल्या पल्ल्यात सरकतानाही वार खावा लागायचा, आणि एवढं करून मिळायचे फक्त +२.
इथे फाशावर ११ हवे असतील तर ५० टक्क्यांचे थेट ७५ होतात, म्हणजे +५ मिळाल्यासारखंच. शिवाय क्रिटिकलची (२० पडून जबर वार बसण्याची) शक्यता ५ वरून जवळजवळ १० टक्के.
ॲडव्हांटेजऐवजी +२ द्या. ते ॲडव्हांटेजवर चढतं, त्यामुळे रेकलेस अटॅक पुन्हा कामाला येईल. रोग या चोरट्या पात्राचंही काही अडत नाही, शत्रूला खेटून साथीदार उभा असला की त्याचा स्नीक अटॅक (जादा नुकसानाचा वार) मिळतोच.

लांडगेतोड
मी तर नियमच काढला. लांडगे आणि कोबोल्ड यांची खासियत पॅक टॅक्टिक्स. कळपाने लढतात म्हणून त्यांना ॲडव्हांटेज. तेच सगळ्यांना वाटून टाकलं तर लांडग्यांचं भय उरत नाही. आणि आठ गॉब्लिन दोघा-दोघांनी कैचीत धरू लागले की आधी जीव जातो तो पुढे उभ्या असलेल्या फायटरचा.

तीन_अ‍ॅक्शन
पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत कैचीत सापडलेल्याचा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) त्या दोघांपुरता २ ने उतरतो. पण तिथे सरकायलाही तीनपैकी एक अ‍ॅक्शन जाते. वाराऐवजी पाऊल निवडावं लागतं, म्हणून तो नियम मला फार आवडतो.

खडू_फासा
वळसा फुकट पडतो हे लक्षातच आलं नव्हतं. येत्या रविवारी +२ लावतो, पण आधी बार्बेरियनवालीला विचारून. आणि लढाई मुद्दाम लांडग्यांशीच ठेवतो. काय होतं ते इथेच लिहीन.