सहकारी बँकेची नोकरी सांभाळून एमए अर्थशास्त्र: कुठून, कसं, किती तास?

हिशेबनीस_सांगली
बी.कॉम. आहे, वय २९, नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात. पतधोरण आणि सार्वजनिक वित्त नीट शिकायचं आहे, नोकरी सोडता येणार नाही. इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) एमए अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरणाचे ऑनलाइन अभ्यासक्रम, असे दोन पर्याय डोळ्यासमोर आहेत. अडचणी दोन. मार्च एंडिंग आणि त्यानंतरचं ऑडिट, म्हणजे मार्च ते मे पुस्तक उघडणं अशक्य. आणि गणित बी.कॉम.च्या पहिल्या वर्षानंतर सुटलंय. कोणता अभ्यासक्रम, आठवड्याला किती तास आणि गणिताचं काय करायचं?

निर्देशांक
पदवीचा उपयोग कुठे करणार ते आधी ठरवा. सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी वाईट नाही, पण यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेला किंवा रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातल्या ग्रेड बी पदांना अर्थशास्त्र किंवा त्याच्या ठरावीक शाखांचीच पदव्युत्तर पदवी लागते. तिथे ‘धोरण’ चालत नाही. अर्थात तुमच्या बाबतीत हा मुद्दा जवळजवळ निकालात निघतो: दोन्हीकडे खुल्या गटाला वयोमर्यादा साधारण ३० आहे आणि एमए हातात येईपर्यंत तुम्ही ती ओलांडलेली असेल. नेट देऊन सहायक प्राध्यापक होण्याला मात्र वयाची अट नाही. तिथे खुल्या गटाला एमएला ५५ टक्के हवेत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नोकरीत बढतीसाठी किंवा केवळ समज वाढावी म्हणून शिकायचं असेल, तर तक्षशिला इन्स्टिट्यूशनचा १२ आठवड्यांचा धोरणविषयक प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरेसा ठरू शकतो. पण ती पदवी नव्हे. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) वाढल्यावर मागणी का घटते, हे तिथे समजेल. ते समीकरणात मांडायचं असेल तर एमएच.

इग्नूला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठीत उत्तरं लिहिता येत नाहीत. तो मुद्दा महत्त्वाचा असेल तर राज्यातल्या विद्यापीठांची दूरस्थ केंद्रं बघा. पुण्याच्या गोखले संस्थेचं नाव सगळेच सुचवतात, पण तिथलं पदव्युत्तर शिक्षण पूर्णवेळ आहे, त्यामुळे तुमच्या कामाचं नाही. प्रवेशाआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या पोर्टलवर त्या संस्थेला चालू सत्रासाठी मान्यता आहे ना, हे स्वतः बघा. डेब आयडी, म्हणजे या विभागाचा विद्यार्थी ओळख क्रमांकही तिथेच काढावा लागतो. एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

वेळापत्रकवाला
तुमच्यासाठी सगळ्यात मोठा निर्णय अभ्यासक्रमाचा नाही, सत्राचा आहे. इग्नूत जुलै आणि जानेवारी असे दोन प्रवेश असतात. जुलैत प्रवेश घेतला की पहिली परीक्षा पुढच्या जूनमध्ये, आणि तिच्या असाइनमेंट मार्च-एप्रिलमध्ये द्यायच्या. म्हणजे नेमकं तुमच्या मार्च एंडिंगवर. जानेवारीचं सत्र घ्या. परीक्षा डिसेंबरमध्ये, असाइनमेंट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये.

तासांचा हिशेब असा. इग्नूत १ क्रेडिट म्हणजे ३० तास, ६ क्रेडिटचा एक पेपर म्हणजे १८०. दोन वर्षांत उरकायचं तर वर्षाला साधारण पाच पेपर, ९०० तास. मार्च ते मे वगळून उरतात ३९ आठवडे, म्हणजे आठवड्याला २३ तास. बँकेत काम करून हे कुणाच्याच्यानं होत नाही. वर्षाला तीन पेपर धरले तर ५४० तास, आठवड्याला १४: रोज दीड तास आणि रविवारी पाच. दोन वर्षांच्या एमएला चार वर्षांपर्यंत मुदत मिळते आणि नोंदवलेले सगळे पेपर एकाच परीक्षेत द्यायचं बंधन नाही. ही मुभा लाजेखातर न वापरणारे तिसऱ्या वर्षी सोडून देतात.

कुठे अडतं ते सांगतो. पहिल्या वर्षाच्या निकालाची वाट बघत पुनर्नोंदणी राहून जाते. निकाल लागो न लागो, मुदतीत दुसऱ्या वर्षाची नोंदणी करायची. जानेवारी सत्रवाल्यांची ही मुदत डिसेंबरच्या परीक्षेच्या आगेमागे येते, त्यामुळे ती जास्तच विसरली जाते. दुसरं, असाइनमेंट मागच्या सत्राच्या प्रश्नांवर लिहिल्या जातात. प्रश्नांवर छापलेलं सत्र तपासूनच पेन उचला. बाजारात तयार उत्तरं मिळतात, ती घेऊ नका. एकाच केंद्रावर तेच वाक्य वीस वह्यांत आलं की तपासणाऱ्याला कळतंच. वही दिल्याची पोच घ्या आणि प्रत्येक पानाचा फोटो ठेवा.

असाइनमेंटला ३० टक्के भारांश आहे, तो फुकट घालवू नका. तिथे ७५ पडले तर एकूण ५५ साठी लेखी परीक्षेत ४६.४ पुरतात. असाइनमेंटला ६० असतील तर लेखीत ५२.९ हवेत. इथे दिसायला फरक साडेसहा गुणांचा आहे, पण परीक्षेत ते साडेसहा गुण १२ गुणांच्या एका पूर्ण प्रश्नाच्या अर्ध्याहून जास्त असतात.

वक्ररेषा
गणित. फी भरण्याआधी इग्नूच्या ई-ज्ञानकोश संकेतस्थळावरून संख्यात्मक पद्धतींच्या पेपरचं साहित्य उतरवा, फुकट आहे. तीन आठवडे बसून बघा. त्यानंतर ठरवा.

क्रम: अवकलन, मग आंशिक अवकलज, मग लाग्रांजची पद्धत (मर्यादेत राहून कमाल किंवा किमान काढायची), मग ३×३ पर्यंतचे सारणिक आणि क्रॅमरचा नियम, पहिल्या क्रमाची अंतर समीकरणं. संख्याशास्त्र वेगळ्या वहीत: प्रसामान्य वितरण, टी आणि एफ चाचणी, मग लघुतम वर्ग पद्धत. हा पेपर पहिल्याच वर्षी द्या. सूक्ष्म अर्थशास्त्र त्याच्याशिवाय वाचता येत नाही, आणि अवघड म्हणून मागे ठेवलेला तो एक पेपर बाकीचेही अडवून धरतो.

स्वतःची परीक्षा घ्यायला हे सोडवा. उपयुक्तता (वस्तूंपासून मिळणारं समाधान) म्हणजे x आणि y या दोन वस्तूंच्या नगांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, किमती २ आणि ५, उत्पन्न १००; उपयुक्तता जास्तीत जास्त करायची. उत्तर x = २५, y = १०. इथपर्यंत बहुतेक जण पोहोचतात आणि थांबतात. लॅम्डा, म्हणजे लाग्रांजचा गुणक, ०.१५८ येतो, आणि उत्पन्न एका रुपयानं वाढलं तर उपयुक्तता साधारण तेवढी वाढते, हे शब्दांत लिहिणारा पुढे जातो. उत्पन्न १०१ घेऊन पडताळा: १५.८१ ची १५.९७ होते. गुण या वाक्यालाच असतात.

जुन्या प्रश्नपत्रिकांत साधारण २० गुणांचे दोन आणि १२ गुणांचे पाच प्रश्न लिहायचे असतात, तीन तासांत. म्हणजे मोठ्याला ३६ मिनिटं, छोट्याला २१. वाणिज्यवाले पहिल्या मोठ्या प्रश्नाला तासभर देतात आणि शेवटचे दोन छोटे कोरे सोडतात. आकृतीला अक्षांची नावं हवीतच.

हिशेबनीस_सांगली
जानेवारीचं डोक्यातच आलं नव्हतं. पुढे प्रकल्प करायचा झाला तर बँकेशी संबंधित विषय चालेल का? ‘महाराष्ट्रातील सहकारी बँकांचा अभ्यास’ असं काही मनात होतं.

तळटीप
तो विषय मार्गदर्शक परत पाठवतील, आणि बरोबरच करतील. त्यात प्रश्नच नाही. तुमच्या टेबलावर याहून चांगला प्रश्न पडलेला आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेनं व्यापारी बँकांची बदलत्या दराची किरकोळ आणि सूक्ष्म-लघु उद्योगांची नवी कर्जं रेपोसारख्या बाह्य मानदंडाला जोडली. नागरी सहकारी बँका त्या आदेशात नव्हत्या. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. या अडीच टक्क्यांपैकी सहकारी बँकांच्या कर्जदरात किती उतरले, किती महिन्यांनी, आणि ठेवींचे दर आधी हलले की कर्जांचे? एवढंच विचारा.

व्यापारी बँकांचे सरासरी कर्जदर आणि ठेवदर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर महिन्यागणिक मिळतात. सहकारी बँकांचे मिळवायला कष्ट पडतील. आठ-दहा बँकांच्या वार्षिक अहवालांतून व्याज उत्पन्नाला सरासरी कर्जांनी भागून अंदाज काढता येतो, पण तो वर्षाचा असतो. त्यामुळे ‘किती महिन्यांनी’ या भागासाठी बँकांनी जाहीर केलेले दरपत्रकांचे बदल तारखेनिशी गोळा करावे लागतील. थकीत कर्जं जास्त असलेल्या बँकेत हा भागाकार खरा दर कमी दाखवतो, कारण अनुत्पादक खात्यांवरचं व्याज वसूल झाल्याशिवाय उत्पन्नात धरत नाहीत. कर्ज विभागातल्या माणसाला हे सांगायला नको.

स्वतःच्या बँकेची आकडेवारी व्यवस्थापनाच्या लेखी परवानगीशिवाय वापरू नका, आणि खातेदार ओळखू येईल असं काहीही परवानगी असली तरी नको. परवानगीचा अर्ज फेब्रुवारीआधी द्या, नाहीतर तो मे अखेरपर्यंत कुणाच्या तरी ट्रेमध्ये पडून राहील.